दुसरा रिमोट

रविवारी जुन्या बाजारात,
गंजक्या पान्यांच्या आणि एकेकट्या बुटांच्या मधे
तो सापडला: पिवळा पडलेला डबा,
दोन रिमोट, एक कॅसेट, तिच्यावर चिकटवलेलं
"९९९ गेम".
त्यातले खरे सात,
बाकी तेच सात, रंग बदलून.
चालतो का, विचारलं तर विकणारा म्हणाला,
नशीब तुमचं, दोनशे द्या.
मी दीडशे दिले.

धनकवडीला घरी अथांग आलेला,
भावाचा मुलगा, वय तेरा,
ज्याच्या गेममध्ये घोड्याला घाम येतो
आणि पाऊस पडून गेला की चिखलात टाप उमटते.
मी कॅसेटमध्ये फुंकर मारली.
"आत्या, हे काय?"
विधी असतो, म्हटलं.

पहिल्याच खड्ड्यात तो मेला.
दुसऱ्यांदाही त्याच खड्ड्यात.
"सेव्ह कुठे होतं?"
होत नाही.
"म्हणजे पहिल्यापासून?"
पहिल्यापासून.
मी पाट्यावरवंट्याकडे बघायचे
तसं त्यानं माझ्याकडे बघितलं.

"आणि हा उडी उशिरा मारतो."
ते खरं होतं. सपाट टीव्हीला
विचार करायला वेळ लागतो;
बटण दाबलं की आधी थांबतो, मग उडतो,
सरकारी खिडकीपलीकडच्या माणसासारखा.
म्हणून खालच्या लोणकर काकूंचा
डब्बा टीव्ही वर आणला, दोघांनी,
जिन्यात तीनदा टेकवत.
आता उडी वेळेवर येते.
अथांग वेळेवर मरतो.

खरं सांगू? मग मी खेळून पाहिलं.
गेम वाईट आहे.
तिसऱ्या पातळीला एक पक्षी मागून येतो, न सांगता,
आणि ज्याला तो पाठ आहे तोच वाचतो.
आम्हाला पाठ होता, कारण मे महिना होता,
दुसरं काही नव्हतं,
गुरुवारी तर वीजही नव्हती.
अर्धा गेम म्हणजे आमचा कंटाळा,
तो दीडशे रुपयांत कुठून येणार?

मी कायम दुसरी.
सत्यजित पहिला, मोठा म्हणून.
तो मेला की माझी पाळी,
आणि तो मरायचाच नाही.
मी भिंतीला टेकून ओरडायचे, मेला! मेला!
आतून आई:
तिन्हीसांजेला असलं बोलू नये गं,
आउट म्हण.
मग आउट.
दिवा लावून झाला की पुन्हा मेला.

त्याला चाकणला फोन लावला, शिफ्ट सुटताना.
मागे हॉर्न वाजत होते.
म्हणाला, तो पक्षी अजून येतो?

रात्री साडेअकरा. हॉलमध्ये
निळा उजेड, आवाज बंद.
अथांग खेळत नव्हता.
खड्ड्याच्या अलीकडे माणसाला नुसतं
उभं करून ठेवलेलं,
कोपऱ्यात आकडे उतरत होते,
आणि हा पडद्याच्या वरच्या कडेला डोळे लावून.
"आत्या, तो तारा बघ, ढगाशेजारचा.
बाकीचे हलत नाहीत. तो एकटाच लुकलुकतो.
तुला माहीत होतं?"

चार ठिपके.
कुणीतरी कुठेतरी बसून, रात्र घालवून
ते तिथे ठेवले असतील,
आणि आख्ख्या मे महिन्यात
आमच्यातल्या एकानंही वर पाहिलं नव्हतं.
नाही, म्हटलं.

वेळ संपली. माणूस आउट.
अथांगनं दुसरा रिमोट माझ्याकडे सरकवला,
मग थांबला,
आणि स्वतःच्या हातातला दिला.
"तू जा पुढे. मी बघतो."
पक्षी आला की ओरड, म्हटलं,
पण हळू.
खाली काकू झोपल्यात.