अंग चोरणं

सकाळचे साडेसात, म्हणजे अजून रात्रच.
जानेवारीत आमच्या फ्योर्डला सूर्य
डोंगरापलीकडूनच निरोप धाडतो.
तलावाच्या काठावर गुडघाभर बर्फ,
आत जमिनीच्या पोटातून आलेलं कोमट पाणी,
आणि मधल्या वाफेत इल्लुगी,
सतरा वर्षांचा माझा मास्तर,
वाहतं नाक बाहीला पुसत.

“हाल्बेरा, हात वर. एका हातावर दुसरा.
वरच्या अंगठ्याने खालच्याला कुलूप लाव.
कान दंडांत दाब.
आता भिंतीला पाय लावून रेट,
आणि मग काही करू नकोस.”

काही करू नकोस, हे मला
आजवर कुणी सांगितलं नव्हतं.
एकतीस वर्षं कॉड चिरले मी.
कल्ल्यामागून सुरी घालायची,
शेपटीपर्यंत एका ओघात.
पट्टा थांबला की मुकादम ओरडायचा,
अंग चोरणारीला तिथे
दुपारनंतर जागा नसे.
आणि हा पोरगा म्हणतो, अंग चोर.
खांदे चोर, पोट चोर, बरगड्या आत,
पाण्याला तुझा पत्ता लागू देऊ नकोस.

पहिल्या दिवशी एकोणीस फरशा.
जिथे थांबले तिथे काठावर
त्याने स्वतःचा लाल हातमोजा ठेवला.
दुसऱ्या दिवशी अठरा.
“पाय मारायची घाई,” तो म्हणाला,
“भिंतीने दिलेला वेग आधी खर्चू दे,
तो मरायला लागला की मग पाय.”
मी मान डोलावली
आणि पुन्हा पाय मारले.

तिसऱ्या आठवड्यात त्याने खोड पकडली:
निघताना मी मान वर करते, दरवेळी,
समोरची भिंत बघायला.
“भिंत कुठे जात नाही, हाल्बेरा.”
ठाऊक आहे मला.
पण आधी नवरा बोटीवर, मग मुलगा बोटीवर,
धक्क्यावर उभं राहून समोर बघत राहणं
हेच माझ्या मानेचं वळण.
दोघेही धडधाकट परतले, तसं काही नाही.
मुलगा आता ट्रॉम्सोत लिफ्ट दुरुस्त करतो,
नवरा तिकडे गरम कुंडात
बटाट्याच्या भावावरून वाद घालतोय.
मान मात्र अजून धक्क्यावरच.

आयुष्यभर नाकासमोर चालले.
इथे नाक तळाकडे,
आणि जायचं टाळूच्या दिशेने,
न बघता.

रात्री स्वयंपाकघराच्या दाराला पाठ टेकून
हात वर नेते.
उजवा खांदा, सुरीचा खांदा,
गंजल्या बिजागरीसारखा कुरकुरतो.
रोज बोटभर जास्त उघडतो.
काही दिवस तेवढाही नाही.

फेब्रुवारीतला मंगळवार.
इल्लुगीची परीक्षा, त्याला उशीर.
हातमोजा सव्विसाव्या फरशीपाशी,
रात्रीच्या गारठ्याने काठाला चिकटलेला.
मी हातभर खोल उतरले,
तळपाय भिंतीला टेकले, रेटलं.
बोटांच्या टोकांनी पाणी उकललं
आणि बाकीची मी त्याच फटीतून मागोमाग.
कानात एक बारीक सळसळ,
मग तीही नाही.
फरशा पोटाखालून जात होत्या,
मोजायचं विसरले.
एकदम आठवली कॉडची ती बाजू,
अंगठ्याखालून लाखो वेळा सरकलेली,
गार, कुठेच न अडणारी.
इतकी वर्षं धडा हातात होता
आणि मी त्याचे तुकडे करत बसले.

वर आले तेव्हा हातमोजा मागे होता.
किती मागे, कोण सांगणार?
“पाहिलंस?” मी ओरडले.
“काय?” वाफेतून नवरा.

रबरी टोपीत कोमट पाणी भरून
हातमोज्यावर ओतलं.
सुटेना. पुन्हा ओतलं.
इल्लुगी धापा टाकत आला तेव्हा
मी काठाशी उभी,
हातात ओला लाल हातमोजा,
आणि तो ठेवायचा कुठे
ते ठाऊक नाही.