खड्डा भरायला लागणारा वेळ

सड्यावर, एर्मेलिंदाच्या खिडकीत
मी रात्रभर एक बशी उघडी ठेवली.
बशीत सिलिकॉनची जेल, बोटभर जाड,
खरवसासारखी थरथरणारी,
ताळगावच्या पठारावरून बसमधून मांडीवर आणलेली.
(कंडक्टरने विचारलं होतं, आत जिवंत काही आहे का.)

खाली बंदर. धक्क्यावर कोळसा उतरत होता.
एर्मेलिंदा म्हणाली, बशी कशाला?
माझी ताटं ने.
दोनदा धुते, वाढण्याआधी परत एकदा.
पुसून पुसून हात झडले गो.

सकाळी प्रयोगशाळेत, भिंगाखाली,
कण बसलेले नव्हते.
रुतले होते.

कणाला वजन ते किती,
मुंगीच्या पायालाही कळणार नाही एवढं.
कुणी दाबलं नाही. रात्री वाराही पडलेला.
जेलच आपणहून उठली
आणि त्याच्या अंगाला ओठ लावून वर चढली.
मोठा खडा जवळजवळ पुरा वर राहतो.
धुळीतली धूळ मात्र
गळ्यापर्यंत आत.

सर फळ्यावर लिहितात:
इकडे चिकटण्याची ओढ,
तिकडे वाकताना जेलची कुरकुर,
आणि फारच लहान मापावर तिसरा एक,
पृष्ठताण,
जो घट्ट वस्तूलाही पाण्याच्या सवयी लावतो.
मी वहीत उतरवून घेतलं.
शाई जरा फुटली.

दुपारी एक कण सुईच्या टोकाला चिकटवून
वर ओढला.
आला नाही.
त्याच्याबरोबर जेलची मान लांबत गेली,
सुई थांबली तशी तीही थांबली,
जेवढ्या जोराने घेतला त्याहून जास्त जोर मागत.
मग सुटला. आवाज नाही.
पण त्याच्या पोटाला जेलचा ओलावा राहिलेला,
चष्म्याच्या काचेवर बोट लागावं तसा.

संध्याकाळी घरी आले तर
एर्मेलिंदा फ्रिजच्या दाराचं रबर घासत होती,
जुना टूथब्रश, माडाच्या सुरेचं व्हिनेगर.
हात पुसून तिने कपाटावरून एक मोठा पाकीट काढला,
फिल्म ट्यूबलाइटसमोर धरली.
सांतानच्या बरगड्या.
एकवीस वर्षं धक्क्यावर.
हांगा पळय, म्हणाली,
आणि नखाने दाखवलं, बारीक, बारीक, कितीतरी.

मी पाहिलं.
तुझ्या त्या बशीत, तिने विचारलं,
कण काढल्यावर खड्डा भरतो?
भरतो.
किती वेळात?

जेलमध्ये, मी म्हटलं,
अकरा मिनिटं.