हात समोर धरा

धुळ्याच्या दवाखान्यात ती कोवळी डॉक्टरीण म्हणाली,
हात समोर धरा, आजी,
येणारी मोटार थांबवतो ना, तसे.

केसरबाईनं आयुष्यात मोटार कधी थांबवली नव्हती.
तिनं हात पसरले, कोपरं किंचित बाहेर,
आणि मी, तिची धाकटी जाऊ,
एकतीस वर्षं चुलीपाशी तिच्या शेजारी बसलेली,
लगेच ओळखलं:
ही मांडा पेलायला बसली.

तळवे माझ्याकडे, आजी. असे.
तळवे फिरले,
आणि मनगटातून गळू लागले.
गळायचे, सावरायचे, परत गळायचे,
पाय बांधलेल्या कोंबडीनं पंख झाडावेत तसे.
आवाज मात्र नाही.

ह्याच हातांवर
पारोळ्यातल्या निम्म्या लग्नांचे मांडे वाढले.
कोपरापर्यंत खेळवायची,
पलीकडचा जाळ दिसावा इतका पातळ,
आणि एका हिसक्यात पालथ्या खापरावर.
सुरकुती पडली तर ती माझ्या हातची.

दारू? तिघांनी विचारलं, तीन वेगळ्या टेबलांवर.
दारू नाही हो.
त्र्याऐंशी साली अमळनेरला बाळंतपणात
रक्त चढवलं होतं दोन बाटल्या.
कोणाचं, कोणास ठाऊक.

दाजी गेले तेव्हा ती रडली नाही.
भावकी म्हणाली, बाईचं काळीज दगडाचं.
सोनोग्राफीवालाही परवा तेच म्हणाला,
फक्त हळू आवाजात, आणि बोट पडद्यावर ठेवून.
खाटिक काळीज म्हणतो ते हेच,
इतकी वर्षं आपण छातीवर हात ठेवून भलतीकडेच दाखवत होतो.

डॉक्टरीण अमोनियाचं सांगत होती.
मला समजलं ते असं:
मांड्याचं पीठ वस्त्रगाळ लागतं,
फडकं विरलं की कोंडा खाली उतरतो.
तिच्या पोटातलं फडकं विरलंय,
आणि कोंडा रक्तातून डोक्यात चढतोय.
विरलंय, की दगड झालंय?
दोन्ही एकाच वेळी कसं,
ते मी विचारलं नाही. बाहेर रांग होती.

तरी आधी दिसत होतंच की.
वरणात मीठ दोनदा.
डोळ्याचा चष्मा ज्वारीच्या कोठीत.
श्वासाला जुन्या गुळाच्या ढेपेचा वास.
दिवसभर घोरायची आणि रात्री दोनला
मला हलवून उठवायची,
दिन उगना वं, खापर ठेव.
एकदा मी चिडून म्हटलं, झोपा आता,
तर अंधारात माझ्याकडे बघत राहिली
आणि म्हणाली, तू कोन शे?

म्हातारपण, म्हणालो आम्ही.
थोरल्या पुतण्याला बाहेरचं वाटलं.
लिंबं उतरवली, ती तरी स्वस्त होती.

मग कागदावर आकडे. एक ते पंचवीस,
रेघेनं जोडायचे.
ती सातावरून सरळ एकोणीसवर गेली
आणि पेन्सिल ठेवून दिली, काम झाल्यासारखी.

आता एक पांढरं पातळ औषध आहे, गोडमिट्ट.
दिवसातून तीनदा पोट साफ झालं पाहिजे.
तिला लाज वाटते. मी मोजते.
तीन झाले की ती मला नावानं हाक मारते,
एकावर थांबलं की संध्याकाळी परत
माहेरच्या कुठल्याशा सुंद्राशी बोलत बसते.
माणसाची शुद्ध इतक्या खाली बांधलेली असते
हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

आखाजीला ह्या वेळी खापरापाशी मी.
ती दारात खुर्चीवर,
हात मांड्यांखाली दाबून धरलेले.
पहिला फाटला.
दुसरा फाटला.
पानी कमी पडनं, ती म्हणाली. बरोबर होतं.

मी पिठावर पाणी मारून परत कुटलं,
लाटी घेतली, वर बघितलं,
तर तिचे हात बाहेर आले होते,
समोर, कोपरं किंचित बाहेर,
मला दाखवायला.

किती वेळ टिकले ते पाहिलं नाही.
खापर तापलं होतं.