तुमच्यात किती आलं?

त्या ऑगस्टात शाळेच्या व्हरांड्यात
सतरंजीवर बसल्या बसल्या
सगळे एकमेकांना एवढंच विचारत होते:
तुमच्यात किती आलं?

मगदूमवहिनी म्हणाल्या, पंखा बुडाला.
सुतारवाड्यातला एक जण नुसताच हात वर करून थांबला,
छताच्याही वर.
कुंभार गल्लीतल्या आक्काताई म्हणाल्या,
साठ गणपती. डोळे रंगवायचे राहिलेले.
आता नुसता चिखुल.

माझी पाळी आली.
दीड फूट, म्हटलं.
"मग काय, नुस्तं पाय धुतलं की वो तुमचं!"
कुणीतरी बोललं, नि हसू फुटलं,
तीन दिवसांत पहिल्यांदा.
मीही हसले.

दीड फुटात कपाटाचा खालचा कप्पा येतो.
त्यात आईच्या सात वह्या होत्या.
घशाचं ऑपरेशन झाल्यावर
ती वर्षभर वहीतच बोलली.
फॅन बारीक कर.
दूधवाल्याचे दोन खाडे.
जेवलीस का, खोटं सांगू नकोस.
पाणी उतरल्यावर पानं उघडली तर
सगळी निळी. एकसारखी निळी.

वह्याच तर होत्या, असं मला कुणी म्हणालं नाही.
मीच म्हटलं. रोज. भांडी घासताना,
दारातला गाळ ओढताना,
त्या हात वर केलेल्या माणसाला समोर उभं करून.
दीड फूट पाण्यात रडायची लाज वाटते.

मग जीभच तशी झाली.
केतकीचं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा
पोरगी माझ्या ओट्यापाशी नखं खात उभी होती,
नि मी म्हटलं, अगं, लोकांची घरं गेली.
तिनं मान हलवली. चहा न घेता गेली.
राजाराम बंधाऱ्यावर पट्टी आहे,
एकोणचाळीसला इशारा, त्रेचाळीसला धोका.
ती पट्टी मी तिच्या अंगाला लावली
नि सांगितलं, अजून कोरडीच आहेस.
तेव्हापासून ती मला
फक्त हवापाण्याचं सांगते.

या दिवाळीआधी दस्तगीर पेंटर आला.
त्याचं घर माळ्यापर्यंत गेलेलं, मला ठाऊक.
भिंतीवरच्या मातकट रेघेवर त्यानं हात ठेवला,
तसं मी आधीच सांगून टाकलं,
आमच्यात काय, दीडच फूट.

तो पॉलिश पेपर घासत होता. थांबला.
"गेलं काय?"

वह्या, म्हटलं.

"कुणाच्या?"

प्रायमरचा डबा उघडाच होता.
मी सांगत होते तोवर
त्यावर साय धरली.