भूलक्ष्मी

अशोक चौकाच्या अलीकडे आमचा क्लास,
खाली यंत्रमाग, वर अकरा संगणक.
खटाखट थांबत नाही,
म्हणून मी जरा ओरडूनच शिकवते.

"स्ट्रिंग बदलत नसते."
मल्लिनाथचा हात लगेच वर:
"बदलली की मॅडम! आधी नुसतं सोलापूर होतं,
आता सोलापूर शहर झालं."
झालं खरं. पण जुन्याच्या एका अक्षरालाही
कुणी बोट लावलेलं नाही रे.
तू शेजारी नवीन विणलंस
आणि चिठ्ठी इकडची काढून तिकडं अडकवलीस.

त्याला पटत नाही.
मला पटलं नवव्या वर्षी, संगणक बघायच्या आधी.

नायना जकार्डची कार्डं ठोकायचे.
पुठ्ठ्याला भोक पडलं की धागा उठणार,
नाही पडलं तर दबून राहणार.
कलशेट्टींच्या लग्नाची चादर, दोघांची नावं विणलेली,
मागावरून उतरली, आणि निरोप आला:
नवरी बदलली.
मी म्हटलं, तेवढं नाव उसवा की.
नायनांनी चादर उलटी करून धरली.
"वरून चिकटवलंय होय गं?
नाव काढायचं तर चादरच काढावी लागंल."
रात्रभर नवीन कार्डं ठोकत बसले.
जुनी आमच्या अंथरुणात आली.
सहा हिवाळे आम्ही तिघी बहिणी
न झालेल्या लग्नाखाली झोपलो.

कुणीतरी धरलंय तोवर तो कचरा नाही,
हे आता मी फळ्यावर लिहिते.
शेवटचा हात सुटला की झाडूवाला येतो,
त्याच्या सवडीनं. बोलावून येत नाही.
"त्याला कळतं कसं, कोण सुटलं?"
तबस्सुम विचारते.
मुळापासून चालत निघतो, मी सांगते.
पोचतो तेवढं ठेवतो.

अम्माचं नाव लग्नात बदललं.
तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलं, पद्मजा.
रेशनकार्डावर पद्मजा,
विडी कारखान्याच्या पासबुकात पद्मजा.
जुनं उरलं एकट्या वेंकटीमामाच्या तोंडात.
रविवारी त्याचा फोन यायचा,
"ए भूलक्ष्मी, जेवलीस का?"
आणि तेवढा वेळ अम्मा
भिंतीचा टेकू सोडून बसायची.

मामा शिवरात्रीनंतर गेला.

माझ्या सगळ्या उदाहरणांत हल्ली एकच नाव असतं.
मुलांना वाटतं, मॅडमना दुसरं सुचत नाही.
लांबी मोजा. उलटं करून बघा.
पहिलं अक्षर कापा. पुढं काहीतरी जोडा.
मल्लिनाथ सगळं करतो, शेवटी मूळ नाव छापतो,
आणि पडद्याकडं बघत डोकं खाजवतो:
"एवढं करून ही बाई आहे तशीच की हो!"

परत चालव, म्हणते मी.