घसरगाडीवर मावेल एवढा

नको कोल्बी, तो मोठा खाली काढूच नकोस.
पाच गॅलनचा आहे माझ्या घरी,
तळघरात, त्याच्यावर आता धुतलेले मोजे वाळतात.
भरला की पन्नास पौंड.
आणि हा माझा उजवा खांदा
अठ्ठावीस वर्षं शाळेच्या बसचं दार
ओढून ढकलून, ओढून ढकलून
बिजागरीसारखा कुरकुरतो.

हा पत्र्याचा? पाच लिटरवाला?
दिसायला गोड आहे.
पण गेल्या हिवाळ्यात डोलोरेसकडे
असल्याच एकाच्या झाकणाशी गंज धरला
आणि माझी राय घातलेली बिअर
जुन्या किल्लीसारखी लागली.
माणसं भली. प्यायली. कुणी ब्र काढला नाही.
ती न बोलल्याची चव
मार्चपर्यंत माझ्या तोंडात होती.

अडीच गॅलनचा... हं.
टेकव जरा काउंटरवर.
वीस पेले होतात ना?
थांब, माणसं मोजू दे.

डोलोरेस, एक. मग "अर्धाच दे" म्हणत आणखी दोन.
स्टिमॅक भाऊ, दोघं. मासा लागो न लागो,
त्यांचे पेले मोजायचे नसतात.
ट्रेझाइझ मास्तरांना डॉक्टरनं बंद केलीय,
ते नुसता फेस मागतात
आणि मिशीला लावून बसतात संध्याकाळभर.
सुलो गेला, थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी.
त्याचे चार वजा.
वैनोचे तर मी केव्हाच वजा केलेत.
तरी हिशेब चुकतो. हे बघ, आत्ताही,
बोटं मिटून झाली
आणि एक उरलंच.

तो कुठला, जाड भिंतीचा, एका गॅलनचा?
"चोवीस तास थंडगार."
चिठ्ठी काय वाचून दाखवतोस रे!
फेब्रुवारीत, पोर्टेज तळ्यावर,
खाली दोन फूट बर्फ,
थंडीसाठी का मी पैसे मोजू?
मागच्या खेपेला तोटीच गोठली.
पाच म्हातारी माणसं आळीपाळीनं
एका नळीवर फुंकर घालत होती.
मला गोठू नये म्हणून हवाय.
चालेल ना त्यालाही?
भिंतीला काय, आत काय नि बाहेर काय.

आता ऐक. रस्टी येणार आहे.
माझ्या बहिणीचा. तुझ्या पुढे होता शाळेत.
आठ महिने झाले, थेंब नाही.
नाताळात आला होता तळ्यावर.
सगळ्यांसाठी बर्फाला भोकं पाडून दिली,
गळ बांधून दिले,
मग खिशात हात घालून उभा.
रिकाम्या हाताचा माणूस
चारजणांत फार उंच दिसतो.
"ट्रकचं बघून येतो" म्हणाला
आणि दोन तास
इंजिन चालू ठेवून आतच बसला.
काचेवर वाफ. आम्ही तिकडे न बघण्याचं
मोठं काम केलं.

म्हणून अडीचचा ठेव वर.
हे छोटे दोन दे.
एकात बिअर.
दुसऱ्यात स्प्रूसचे कोंब, आलं, साखर,
यीस्टचा कण नाही, वायू तेवढा भरायचा.
तीच तोटी, तोच फुस्स आवाज,
वर तसाच बोटभर फेस.
मास्तरांच्या मिशीचीही सोय झाली बघ.
स्टिमॅक बोंब मारतील, पुरली नाही म्हणून.
मारू देत.

दिसायला जुळे आहेत, तो घोळ मात्र नको.
माझ्या डोक्यावर मी विसंबत नाही,
एकाच्या गळ्यात हिरवी लोकर बांधीन,
आणि निघताना तीनदा बघेन.
बसमध्ये मुलं मोजायचे, तशी.

वायूच्या कुप्या सहा.
रबरी चकत्या चार जास्तीच्या,
गळतं ते नेहमी तिथूनच.

पिशवी नको.
दोन्ही हातांत एकेक घेते,
खांद्यांची भांडणं होत नाहीत.
दार तेवढं उघड.