ओहोटीची रेषा

बॅलार्ड इस्टेटला तिसऱ्या मजल्यावर
गंजून कायमची उघडी राहिलेली एक खिडकी,
आणि टेबलावर नकाशा,
चारी कोपऱ्यांवर चार कपबश्या.
सकाळच्या विमानानं दिल्लीहून आले,
रात्रीच्या विमानानं परत.
मधल्या वेळात एक मत द्यायचंय.

काम तेवढंच: मत देणं.
मंत्री विचारतात, कायदा काय म्हणतो?
कायदा आपणहून काही म्हणत नाही,
त्याला बोलतं करावं लागतं
आणि पुष्कळदा वेळेवर गप्प.
मी लिहिते: सकृद्दर्शनी. तथापि.
उपरोक्त बाब वगळता.
कुणी सही करतं, कुणी करत नाही.
एकवीस वर्षांत माझ्या नावावर
एकही निर्णय नाही.
वर आडनाव टिपणीस.
वडील गिरगावात मुद्रितं तपासायचे,
म्हणायचे, स्वल्पविराम चुकला तर
माणूस मरत नाही गं, पण अर्थ मरतो.
बाबा, इथे कधीकधी दोन्ही.

प्रकरण असं:
परक्या आरमाराची रसदनौका,
आणि मढची ‘हरबाप्रसाद’, रात्री अडीच.
तांडेल यशवंत वैती.
एक खलाशी झारखंडचा, ज्याचं आडनाव
पंचनाम्यात दोन तऱ्हांनी लिहिलंय.
नौकेला उन्मुक्ती आहे, म्हणजे
तिला आपलं कोर्ट हात लावू शकत नाही.
हे मी यशवंतच्या आईला सांगितलं.
चांगुणाबाई वैती. हातात स्टीलचा डबा,
तो त्यांनी शेवटपर्यंत खाली ठेवला नाही.
“तिला हात लावाचा नाय.
तिनं लावला तो?”

मी नकाशाकडे वळले.
(नकाशाकडे वळणं हेही एक कौशल्य आहे.)
कर्कटकाचं टोक टेकवून दाखवलं:
देशाचं पाणी बारा मैल,
बोट सापडली बारा पूर्णांक चारवर.
“बारा कुठशी मोजता?”
आजवर हे मला
कुठल्याही राजदूतानं विचारलेलं नाही.
आधाररेषेपासून, मी म्हटलं.
ओहोटीला उघडे पडणारे खडक असतात ना,
त्यांची टोकं जोडत जाते ती.

बाई वाकल्या. चष्मा नव्हता,
बोटानंच वाचत गेल्या किनारा,
आमच्या शेवटच्या ठिपक्यावर थांबल्या,
आणि बोट तसंच पुढे
निळ्या कोऱ्या जागेत सरकवलं.
“हिथं हाय एक. मोठ्या अवसेला उघडा पडतो.
लगीन व्हायच्या आधी होडी लावून
कालवं काढाला जायचो आम्ही पोरी.
तुमच्या कागदावर नाय व्हय?”

नाही.
बंदराच्या साहेबांनी बशी उचलली,
नकाशाचा कोपरा गुंडाळत वर आला.
मी मनात आकडे मांडले, पुन्हा मांडले.
तो खडक खरंच तिथे असला
तर रेषा अर्धा मैल पुढे जाते,
आणि ‘हरबाप्रसाद’ बुडते
आपल्या घरात.

उन्मुक्ती तरीही राहते, मला माहीत आहे.
राजपत्रातली रेषा
एका बाईच्या बोटानं हलत नाही, तेही.
पण घरात घुसून मारलं, हे वाक्य
वाटाघाटीच्या टेबलावर वेगळ्या वजनानं पडतं.

रात्रीचं विमान सोडलं.
मत लिहायला बसले. परिच्छेद नऊमध्ये
खात्याच्या जुन्या मसुद्यातून आपोआप आलेला शब्द
‘सानुग्रह’. खोडला.
‘देय’ लिहिला.
परिच्छेद दहा: खडकाची प्रत्यक्ष पाहणी व्हावी.
माहितीचा स्रोत?
बराच वेळ पेन तिथेच.
मग लिहिलं: श्रीमती चांगुणा वैती, कालवं काढणाऱ्या.

फाईल तेराव्या दिवशी परतली.
समासात हिरव्या शाईत: पाहिले.
खाली दुसऱ्या अक्षरात: चर्चा करावी.
खडकाबद्दल कुणी काही बोललेलं नाही.

येत्या अवसेला सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी
पाणी सर्वांत खाली.
रजेच्या अर्जात कारण ‘वैयक्तिक’ टाकलंय.
बाईंचा निरोप आलाय:
होडी हाय. चपला काढू नका,
कालवं पाय कापतात.